हॉलचे छत आणि लोखंडी टोपीची काठी

मी, मनोहर ईश्वरदास डेकाटे, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त खाण कामगार, राहणार बेसा, नागपूर, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र करीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण या कामाला ते लागत नाहीत असे वकीलसाहेब म्हणाले. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. नशापाणी नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा होता, तोही २०११ साली सोडला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण खाणीत असताना ते करायला बसलो असतो तर दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याची हिंमत झाली नसती.

मी सांगतो आहे आणि माझी सून हर्षा टाइप करते आहे. दोन पानांत बसवा, असा वकीलसाहेबांचा निरोप आहे. तो मी ऐकला आहे.

कलम १. बेसा येथील दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट माझ्या स्वकष्टाचा आहे. माझ्यामागे माझी पत्नी रुख्माबाई हिने तहहयात त्यात राहावे. तिच्यानंतर तो फ्लॅट हर्षाच्या नावे व्हावा. मुलगा अमोल याला मी मुद्दाम वगळलेले नाही, तो तिचा नवरा आहे आणि तिथेच राहणार आहे. पण कागदावर नाव हर्षाचे राहील. हे वाक्य टाइप करायला ती तयार नव्हती. मी म्हटले, मरणार मी आहे, टाइप कर.

कलम २. बँकेतील ठेव आणि इतर जे काही निघेल ते रुख्माबाईचे. यावर अधिक बोलण्यासारखे काही नाही.

कलम ३. हॉलविषयी. हे कलम वकीलसाहेबांना लांब वाटेल, पण याच्याशिवाय पहिल्या कलमाचे कारण कळणार नाही.

हर्षा घरे सजवण्याचे काम करते. आधी सदर भागात पडदे आणि दिव्यांच्या एका दुकानात नोकरीला होती, मग स्वतःचे काम सुरू केले. अमोल मिहानमध्ये कंपनीत आहे. त्याचे मत असे होते की लोक उशांचे अभ्रे बदलायला पैसे देतात हे एक आश्चर्यच आहे. माझेही मत फार वेगळे नव्हते. दोन वर्षांपूर्वी हर्षा म्हणाली, "बाबा, मले एक घर पाहिजे, गिऱ्हाइकाले दाखवाले. आपला हॉल देता का?" मी म्हटले घे. मी तेव्हा पवनीला बहिणीकडे महिनाभरासाठी निघालो होतो. मागे काय होणार हे विचारण्याचे मला सुचले नाही.

इथे माझ्या कामाविषयी सांगितले पाहिजे. सावनेरच्या बाजूला एका भुयारी खाणीत मी चौतीस वर्षे ड्रेसर होतो. खाणीतला ड्रेसर जखमा बांधत नाही. सुरुंग उडवून कोळसा पाडला की सगळ्यांच्या आधी आत जायचे, आणि डोक्यावरचे छत काठीने ठोकून ऐकायचे, हे त्याचे काम. काठी बांबूची, टोकाला लोखंडी टोपी. आवाज खणखणीत आला तर दगड एकजीव आहे. ढब असा पोकळ आला तर वरचा थर सुटला आहे आणि तो येणार आहे. आमच्याकडे नियम होता की तीन ठिकाणी ठोकायचे, मध्ये आणि दोन्ही बाजूंना. मग मागच्यांना हाक द्यायची, या. चौतीस वर्षे माणसे माझ्या कानावर भरवसा ठेवून आत येत होती.

तर मी पवनीहून परत आलो. दुपारचे बारा वाजले असतील. दार उघडे होते. आत पाऊल टाकले आणि मान वर केली, कारण मी कुठल्याही खोलीत शिरताना आधी मान वर करतो. छत खाली आले होते. चांगले नऊ इंच खाली आले होते. छत्री हातात होती. तिच्या टोकाने वर ठोकले. ढब.

पुढचे मला नीट आठवत नाही, दुसऱ्यांनी सांगितले ते लिहितो. मी "निघा! सगळे बाहेर निघा!" असे ओरडलो. रुख्माबाईला देवघरातून दंडाला धरून ओढले, तिच्या हातातली उदबत्ती हातातच राहिली. हर्षाकडे आलेल्या एका गिऱ्हाईक बाईंना अनवाणी जिन्यात ढकलले. पीओपीचे काम करणारा दुर्गेश चहा प्यायला खाली गेला होता, त्याची परांचीची फळी आणि बांबू घेऊन मी दारात छताला टेकू दिला आणि स्वतः त्याला खांदा लावून उभा राहिलो. रुख्माबाई जिन्यातून म्हणत होती, "अवो, ते पीओपी आहे! तसंच असते ते!" मला ऐकू येत नव्हते. मला फक्त ढब ऐकू येत होते.

सगळी बिल्डिंग जमली. सगळे हसले. हर्षा हसली नाही. ती टेकूखालून वाकून आत आली, माझ्याजवळ उभी राहिली आणि तिने विचारले, "बाबा, असा आवाज आला की पडाले किती वेळ लागते?"

मी म्हटले, "काही सांगता येत नाही."

ती म्हणाली, "चला मंग, पाहू."

तिने दुर्गेशची शिडी लावली. दिव्यांसाठी पीओपीला गोल भोके ठेवली होती, त्यांतल्या एकातून मला वर पाहायला लावले. वर अंधार होता, मोकळी जागा होती, आणि त्याच्या वर आमचा जुना स्लॅब जागच्या जागी होता. पीओपी त्याला पत्र्याच्या पट्ट्यांनी टांगलेले होते. तिने दुर्गेशची सळई माझ्या हातात दिली. मी स्लॅब ठोकला. तीन वेगवेगळ्या भोकांतून, तीन ठिकाणी. तिन्ही खणखणीत. दर वेळी ती शिडी धरून खाली उभी होती. मग म्हणाली, "हे खालचं छत काहीच उचलत नाही, बाबा. याच्यावर कशाचाच भार नाही. हे फक्त उजेडासाठी आहे." आणि तिने बटण दाबले.

मी ते कसे सांगू? छताच्या चारही कडांमधून उजेड आला आणि दिवा कुठेच दिसेना. चौतीस वर्षे माझा उजेड माझ्या कपाळावर होता. जिकडे मान वळवीन तेवढेच वाटोळे दिसायचे, बाकी सगळे काळे. इथे मी कुठेच पाहिले नाही तरी सगळे दिसत होते. भिंत वरपासून खालपर्यंत उजळलेली. कोपऱ्यात हर्षाने ठेवलेल्या पामच्या पानांच्या सावल्या छतावर पडल्या होत्या. वेताच्या झुंबराची जाळी भिंतीवर उमटली होती. मी शिडीवरून उतरलो आणि खाली फरशीवर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या छताखाली असा बसलो की ते पडण्याची वाट मी पाहत नव्हतो. मला रडू आले. लाज वाटली नाही.

कोणी हे काम अभ्रे बदलण्याचे म्हणत असेल तर त्याने हे कलम पुन्हा वाचावे. अमोल, हे तुला आहे.

कलम ४. हॉलमधील वस्तू. सगळ्यांची यादी हर्षाजवळ आहे, मी फक्त माझ्या आवडीच्या सांगतो. वरून कमानीसारखा गोल असलेला उंच आरसा रुख्माबाईचा. पहिल्या दिवशी ती त्याच्यासमोरून पदर सावरत निघून गेली, "एवढं सगळं कोणाले पाहाचं आहे" म्हणत. आता रोज सकाळी त्याच्यासमोर पाच मिनिटे उभी असते. पन्नास वर्षांच्या संसारात मी तिला हातात मावेल एवढाच आरसा आणून दिला होता.

एक भिंत हर्षाने काळी केली आहे. तिला चारकोल म्हणतात आणि सध्या फॅशन आहे. त्यावरून घरात मोठा वाद झाला. रुख्माबाई म्हणाली, "चौतीस वर्सं यायच्या कपड्यातला कोळसा धुतला मी. हाताच्या रेघा काळ्या झाल्या. अन् हे पोरगी रंग विकत आणून भितीले कोळसा लावून राहिली!" हर्षाने तिचे ऐकून घेतले, फक्त म्हणाली, "आई, दिवा लावेपर्यंत थांबा." दिवा लावल्यावर रुख्माबाईने त्या भिंतीवरून हात फिरवला आणि हात उलटा करून पाहिला. हात स्वच्छ होता. त्यानंतर तिने त्या भिंतीविषयी तक्रार केली नाही. ती भिंत बदलू नये.

कुंड्यांना पाणी बेताने घालावे. मी जास्त घालतो असे हर्षाचे म्हणणे आहे आणि ते खरे आहे. सुवासिक मेणबत्त्या कोणी पेटवाव्यात की नाही यावर माझे मत नाही. सोफ्यावरच्या नऊ उशांपैकी चार कमी केल्या तर माणसांना बसता येईल, एवढे मात्र नोंदवून ठेवतो.

कलम ५. सोसायटीचे सेक्रेटरी आनंदराव लांजेवार यांनी त्या दिवशी मी टेकूला खांदा लावून उभा असतानाचा व्हिडिओ काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली हसणारे चेहरे टाकले, मोजून सात. मी आनंदरावांना माफ केलेले नाही. पण पुढच्या महिन्यात त्यांनी हर्षाकडून स्वतःच्या घरी तसेच छत करून घेतले, आणि काम झाल्यावर मला बोलावून म्हणाले, "मनोहरराव, एकदा ठोकून पाहा गा, मनाचं समाधान." मी ठोकले. त्यांना या मृत्युपत्राचा साक्षीदार होण्याचा मान देत आहे. व्हिडिओ काढून टाकावा.

कलम ६. गच्चीवरची माझी खाट ज्याला हवी त्याने न्यावी. १९९९ पासून मी छताखाली झोपलो नव्हतो. खाणीच्या कॉलनीत अंगणात, इथे गच्चीवर, पावसाळ्यात पत्र्याखाली. रुख्माबाईने कारण विचारले नाही, किंवा एकदा विचारून सोडून दिले. हॉल झाल्यापासून मी दुपारी सोफ्यावर आडवा होतो आणि डोळे मिटेपर्यंत वर बघत राहतो. खाट आता लागत नाही.

कलम ७. छत ठोकायची काठी. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी ती मला आठवण म्हणून दिली. मी माळ्यावर टाकली होती. हर्षाने शोधून काढली, तेल लावून पुसली आणि काळ्या भिंतीवर आडवी टांगली. वर एक छोटा दिवा लावला, त्याचा उजेड फक्त काठीवर पडतो. दिसते अतिशय सुंदर. खोट्या स्तुतीची मला सवय नाही, पण ती काठी एवढी देखणी आहे हे मला ती हातात असताना कधी कळले नव्हते. आता हॉल पाहायला येणारे प्रत्येक गिऱ्हाईक आधी त्या काठीसमोर थांबते. हर्षा अभिमानाने सांगते, माझ्या सासऱ्यांची आहे. लोक माझ्याकडे वळून म्हणतात, किती जीव वाचवले असतील हो तुम्ही.

दोन वर्षे मी हे ऐकतो आहे आणि मान डोलावतो आहे. आता सांगतो.

विश्वनाथ भोयर हा माझ्या पाळीतला टेकू लावणारा मिस्त्री आणि माझा दोस्त होता. १९९९च्या फेब्रुवारीत सुरुंगानंतर मी आत गेलो. मध्ये ठोकले, खणखणीत. डाव्या बाजूला ठोकले, खणखणीत. उजवीकडे जायला पडलेल्या कोळशाच्या ढिगावर चढावे लागत होते. मला भूक लागली होती. मी तिसऱ्या ठिकाणी ठोकले नाही. विश्वनाथने मागून विचारले, "मनोहर, ठोकलं का गा?" मी म्हटले, "ठोकलं, ये." तो आला, डबा उघडला आणि बसायला उंच म्हणून तोच ढीग निवडला.

चौकशीत मी सांगितले की उजवी बाजू बाकी होती आणि तिथे बसू नको असे मी त्याला म्हणालो होतो. कागदावर तसेच लागले. विश्वनाथ आपल्या बेफिकिरीने गेला असे ठरले. कॉलनीत पुढे कित्येक वर्षे नव्या पोरांना त्याचे उदाहरण देत होते. त्याची बायको शोभाताई उमरेडला भावाकडे राहायला गेली. तिने विश्वनाथचा फोटो आजवर भिंतीवर लावलेला नाही, पेटीत ठेवला आहे. रुख्माबाईला ती एकदा म्हणाली होती, "डबा खाले हेच जागा भेटली त्याले. दोन लेकराईचा इचार नाही केला." तिचा नवऱ्यावरचा हा राग माझा आहे. सव्वीस वर्षे तो चुकीच्या माणसावर आहे.

ती काठी शोभाताईला द्यावी आणि हे कलम तिला वाचून दाखवावे. विश्वनाथची काही चूक नव्हती. त्याने विचारले होते.

कलम ८. इथे हर्षाने टाइप करणे थांबवले. मला वाटले काठीवरचा दिवा काढेल आणि तिच्या नजरेतून मी उतरलो असेन. ती म्हणाली, "बाबा, हे त्याईले तुम्ही गेल्यावर वाचून दाखवाचं?"

मी म्हटले, "मृत्युपत्र तेव्हाच वाचतात."

"मंग त्या भांडतीन कोणाशी? तुमच्या फोटोशी?"

हर्षाने मला न विचारता उमरेडला फोन लावला आणि फोन माझ्या हातात दिला. मी शोभाताईला एवढेच म्हणालो, वहिनी, एका कागदावर साक्षीदार म्हणून सही पाहिजे. या कलमात वाटणीचे काही नाही, पण मृत्युपत्रात घडलेले खरे असावे म्हणून लिहिले.

पुरवणी. हे मी माझ्या हाताने लिहीत आहे, अक्षर वाईट आहे.

आज सकाळी शोभाताई उमरेडच्या एसटीने आल्या. हॉलमध्ये पाय ठेवला आणि दारातच थांबल्या. उजेडाकडे, आरशाकडे, पामकडे पाहत राहिल्या. "बाई वं, घर आहे का देऊळ," असे रुख्माबाईला म्हणाल्या. चहा झाला. आनंदराव आले. मग हर्षाने सातवे कलम वाचले. मी शोभाताईंच्या पायांकडे पाहत होतो.

वाचून झाल्यावर त्या उठल्या. काळ्या भिंतीवरून काठी काढली. त्यांना ती कशी धरतात हे माहीत होते, विश्वनाथने कधीतरी दाखवले असेल. हॉलच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि छताला ठोकले. ढब. डावीकडे गेल्या, ठोकले. ढब. मग माझ्या खुर्चीजवळ आल्या. मी खुर्ची सोडली नाही. माझ्या डोक्याच्या बरोबर वर त्यांनी दोन्ही हातांनी ठोकले, आणि लोखंडी टोपी पीओपीत घुसली. माझ्या डोक्यावर, खांद्यावर पांढरा चुरा पडला. आनंदराव उठायला गेले, रुख्माबाईने त्यांना हाताने बसवले.

शोभाताई म्हणाल्या, "आता झाले तीन."

काठी माझ्या मांडीवर ठेवली. ती नेणार नाही म्हणाल्या. माझ्याशी त्यानंतर एक अक्षर बोलल्या नाहीत आणि माझी तशी अपेक्षाही नाही. पदराने डोळे पुसून त्या हर्षाकडे वळल्या.

"पोरी, माह्या घरी एक फोटो लावाचा आहे. कोणत्या भितीले चांगला दिसन, पाहाले येशीन का?"

हर्षा खुर्ची घेऊन वर चढली, काठीवरचा छोटा दिवा पेचकसाने सोडवला आणि आपल्या पिशवीत ठेवला. आज संध्याकाळच्या बसने ती त्यांच्यासोबत उमरेडला जात आहे. मी त्या दोघींकडे पाहत बसलो. इतके मोठे काहीतरी माझ्या हॉलमध्ये माझ्या डोळ्यांदेखत घडले, आणि मला त्यात काहीच करायचे नव्हते.

म्हणून शेवटची सूचना. कलम ७ मधील काठीची वाटणी रद्द. ती माझ्याजवळ राहील, भिंतीवर नाही, कोपऱ्यात.

छताला माझ्या खुर्चीच्या बरोबर वर जो खड्डा पडला आहे तो कोणी भरू नये, रंगवू नये, त्याच्यावर दिवा लावू नये. हर्षाची गिऱ्हाइके येतील आणि एवढ्या सुंदर छताला हे काय झाले म्हणून विचारतील. त्यांना सांगावे की ते तिसरे ठिकाण आहे. विश्वनाथ भोयर नावाच्या माणसाने विचारले होते, ठोकलं का, आणि त्याला खोटे उत्तर मिळाले. नाव पूर्ण सांगावे. हे या घराच्या प्रत्येक मालकावर बंधनकारक राहील.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे, म्हणून खालील साक्षीदारांसमोर सही करीत आहे.

ठिकाण: बेसा, नागपूर
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

मृत्युपत्र करणार
मनोहर ईश्वरदास डेकाटे (सही)

साक्षीदार
१. आनंदराव लांजेवार, राहणार बेसा, नागपूर (सही) व्हिडिओ आज काढून टाकला आहे.
२. शोभा विश्वनाथ भोयर, राहणार उमरेड (सही) नवऱ्याचं नाव माह्या हातानं लिहिलं.